वर्गातले न दिसणारे अडथळे

मूल रोज शाळेत येतंय, बाकावर बसतंय, वही-पुस्तक सगळं आहे, मास्तर शिकवतायत, तरी शिकणं काही होत नाही आणि का होत नाही हे कुणाच्या ध्यानात येत नाही, अशा वेळी जी कारणं मागे असतात त्यांना वर्गातले न दिसणारे अडथळे म्हणता येईल. शाळा लांब आहे, फी परवडत नाही, शिक्षकाची जागा रिकामी आहे हे अडथळे सगळ्यांना दिसतात, पेपरात त्यांच्या बातम्याही येतात. इथे विषय आहे तो दुसऱ्या प्रकाराचा. फळा नीट न दिसणं, ऐकू कमी येणं, घरची भाषा वेगळी आणि पुस्तकाची वेगळी असणं, उपाशीपोटी बसणं, उत्तर द्यायला वेळच न मिळणं वगैरे. यातल्या जवळपास प्रत्येक कारणाला वर्गात भलतंच नाव मिळतं: "लक्ष नाही", "ढ आहे", "घरी अभ्यास घेत नाहीत". म्हणजे अडथळा असतो डोळ्यात, कानात, खोलीत नाहीतर पुस्तकात, आणि शेरा पडतो पोराच्या स्वभावावर. एकदा तो प्रगतीपुस्तकात पडला की पुढच्या वर्षीचे सर तोच वाचून सुरुवात करतात.

डोळे आणि कान

लांबचं कमी दिसणाऱ्या मुलाला आपल्याला कमी दिसतं हेच माहीत नसतं, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं, त्यामुळे ते तक्रार करत नाही. ते काय करतं, तर शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवतं आणि कॉपी करतो म्हणून ओरडा खातं. देवनागरीत तर अजून पंचाईत, कारण ध आणि घ, भ आणि म, ब आणि व यांच्यात फरक एखाद्या रेघेचा नाहीतर गाठीचा, आणि शेवटच्या बाकावरून अनुस्वाराचा ठिपका दिसायचा तर लांबच. मग शुद्धलेखनात चुका येतात आणि त्या अभ्यासाच्या चुका समजल्या जातात. तोंडी विचारलं तर फाडफाड उत्तर आणि फळ्यावरून उतरवलेलं सगळं चुकीचं, असं मूल दिसलं की आधी डोळे तपासायला पाठवावं. खिडकी बाजूला असेल तर दुपारी फळ्याचा अर्धा भाग नुसता चमकतो, तिथलं तर चांगली नजर असलेल्यालाही दिसत नाही, फक्त ते कुणी सांगत नाही. चष्मा लागल्यावर पुढचा घोळ घरी होतो. पोरं "चष्मिस" म्हणून चिडवतात, मुलगी असेल तर "आत्तापासून चष्मा, पुढे स्थळं कशी यायची" हे कुणीतरी म्हणतंच, आणि चष्मा दप्तराच्या तळाशी जातो.

कानाचं प्रकरण याहून फसवं. लहान मुलांना वारंवार सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठतो, बहुतेक वेळा दुखत नाही, कान वाहत नाही, फक्त आवाज उशीतून आल्यासारखे येतात. आणि हे कमीजास्त होत राहतं, म्हणजे या आठवड्यात ऐकू येतंय, पुढच्या आठवड्यात नाही, त्यामुळे बाईंना वाटतं की याला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं. स, श, फ असे हलके आवाज आधी हरवतात. श्रुतलेखनात शब्दाचं शेपूट गळतं, आणि पाठमोरं होऊन फळ्यावर लिहिता लिहिता दिलेल्या सूचना तर पूर्णच जातात.

त्यात खोलीची भर. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शिकवणं चालू असताना वर्गातला बाकीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत आणि आवाज घुमण्याचा काळ साधारण ०.६ सेकंद हवा. कोकणात जुलै महिन्यात पत्र्याच्या छपराखाली बसून हे वाचलं तर हसूच येईल. शहरात रस्त्यावरचे हॉर्न, आणि जिथे एका हॉलचे पार्टिशन घालून दोन वर्ग केलेत तिथे पलीकडचे पाढे. मोठी माणसं न ऐकू आलेला शब्द अंदाजाने भरून काढतात, पण सात वर्षांच्या पोराकडे तेवढा शब्दसाठाच नसतो, त्यामुळे त्याच गोंगाटात त्याचं नुकसान जास्त होतं.

पोट, रक्त, झोप

भूक सगळ्यांना कळते म्हणून शालेय पोषण आहार आला. सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश २००१ मध्ये दिला, आज पहिली ते पाचवीला दिवसाला ४५० आणि सहावी ते आठवीला ७०० कॅलरीचं प्रमाण ठरलेलं आहे. पण खिचडी मिळते मधल्या सुट्टीत, आणि गणित असतं पहिल्या तासाला. सकाळी नुसता चहा पिऊन आलेली पोरं किती आहेत हे हजेरीच्या वेळी कुणी विचारत नाही.

रक्त कमी असणं तर अजिबातच दिसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये आणि ३१.१ टक्के मुलांमध्ये ॲनिमिया सापडला. म्हणजे नववी-दहावीच्या वर्गात ज्या मुली दुपारी बाकावर डोकं टेकवतात त्यातल्या किती आळशी आणि किती खरंच थकलेल्या हा प्रश्न आहे. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, पण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं आणि मग गोळी खिडकीबाहेर. जंत हे आणखी एक कारण, त्यासाठी २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. झोपेचा विषय अलीकडे निघाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असा निर्णय काढला, त्यावर स्कूलबसवाल्यांपासून दोन शिफ्टमध्ये चालणाऱ्या शाळांपर्यंत सगळ्यांनी कुरकुर केली.

भाषा आणि आकडे

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी मोजला जाणारा अडथळा हाच वाटतो. मेळघाटातलं पोर घरी कोरकू बोलतं, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, आणि या भाषांचं मराठीशी कुळाचंही नातं नाही, कोरकू मुंडा गटातली आणि गोंडी द्राविडी. नंदुरबारमध्ये भिल्ली, पावरी, तांड्यावर गोरमाटी. सहा वर्षांचं मूल पहिल्या दिवशी वर्गात बसतं आणि त्याला "पुस्तक उघडा" एवढंही कळत नाही, मग ते गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला येत नाही असं धरलं जातं. मुलाच्या मातृभाषेतून शक्य तिथवर शिकवावं असं शिक्षण हक्क कायद्यात (२००९) आहे, पण "शक्य तिथवर" या शब्दांत बरंच काही मावतं.

जिथे घरी मराठीच आहे तिथेही सगळं सरळ नसतं. वऱ्हाडातलं पोर "मले पानी पाहिजे" म्हणालं आणि वर्ग हसला, किंवा बाईंनी पाणी द्यायच्या आधी ण सुधारला, की पुढच्या वेळी ते बोलताना दहादा विचार करतं. अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांचं हेच. शहरी पोरांची गंमत उलटी, ऐ ऐरणीचा, औ औताचा पाठ असतं पण ऐरण किंवा औत आयुष्यात पाहिलेलं नसतं, म्हणजे अक्षर ओळखायला दिलेली खूणच अनोळखी. आणि वेलांटी घ्या, "कि" लिहिताना ती आधी काढायची आणि बोलताना नंतर.

आकड्यांचा घोळ तर फारच खोल आहे. आपण २७ ला सत्तावीस म्हणतो, म्हणजे सात आधी आणि वीस नंतर, आणि लिहायचं २ आधी ७ नंतर. त्यामुळे दुसरीतलं मूल सत्तावीस ऐकून ७२ लिहितं, आणि ते त्याने ऐकल्याप्रमाणे अगदी प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. २९ ला एकोणतीस, म्हणजे नावात तीस आहे आणि लिहिताना तीन कुठेच नाही. हाच नियम १९ पासून ८९ पर्यंत नीट चालतो आणि ९९ ला येऊन मोडतो, तिथे एकदम नव्व्याण्णव. वर त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव हे प्रत्येकी वेगळं पाठ करायचं, इंग्रजीसारखं वीसच्या पुढे जोडत जायची सोय नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक" अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गहजब झाला, विधिमंडळापर्यंत विषय गेला, मीम्स तर किती. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, ही फक्त मुलांना सोपं जावं म्हणून दिलेली जोड आहे, पण ऐकायला कुणाला वेळ होता? भाषा बुडाली, मराठी संपली एवढंच चाललं होतं, आणि ज्या पोरासाठी हे केलं ते ७२ लिहून चूक खातच राहिलं. नवी पद्धत आवडो न आवडो, अडथळा खरा आहे एवढं तरी त्या वादात मान्य व्हायला हवं होतं.

"समजलं का?"

शिकवून झालं की सर विचारतात "समजलं का?" आणि वर्ग एका सुरात म्हणतो "होऽऽऽ". ५० पोरांच्या त्या सुरात १५ जणांना काहीच समजलेलं नसतं तरी कळत नाही. अमेरिकेतल्या शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून मोजलं तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं मोठी झाली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. आपल्याकडे पोर्शन संपवायची घाई असल्याने सर पहिल्या दोन बाकांवर हात वर आले की पुढे जातात. यात सगळा दोष त्यांचा नाही, द्विशिक्षकी शाळेत एका वेळी दोन वर्ग सांभाळायचे, त्यातच ऑनलाइन माहिती भरायची आणि निवडणूक आली की त्याची ड्युटी.

तपासणी आणि तिची फट

यातल्या शरीराच्या अडथळ्यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, तो फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला. त्यात फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. वाचन-लेखनातल्या विशिष्ट अडचणी, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, दिव्यांग हक्क कायद्यात २०१६ मध्ये आल्या आणि सर्टिफिकेट असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण ते सर्टिफिकेट मुंबईत सायनसारख्या मोठ्या हॉस्पिटलात मिळवणं आणि एखाद्या तालुक्याच्या गावातून मिळवणं यात फार अंतर आहे, शिवाय मुळात कुणाला तरी शंका यायला लागते आणि ती बहुतेक वेळा इंग्रजी शाळेतल्या पालकांनाच येते.

जुन्या लोकांनी हे वेगळ्या बाजूने सोडवलं होतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूकडच्या कोसबाडला पाहिलं की वारली पोरं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखतात, मग त्यांनी शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या त्या याच विचाराने, पुढे गावातच हंगामी वसतिगृहं आली. तरीही जे पोर दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर फडावर जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतं, त्याच्या शाळेत तपासणीचं पथक डिसेंबरात येऊन गेलं तर त्याच्या डोळ्यांचा नंबर वर्षभर कुणाच्या यादीत चढत नाही.