ओपन सोर्स आणि कंपन्या: कामाचा प्राधान्यक्रम कसा बदलत गेला

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू हा कोणालाही वापरता आणि बदलता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टीम बनवण्याचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हा प्रश्न वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा होता. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांचं लिनक्स, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा (कर्नल), आलं. त्या काळात पुढे काय लिहायचं, हे लिहिणाऱ्याची गरज आणि हौस ठरवायची.

१९९८ मध्ये नेटस्केपने ब्राउझरचा कोड खुला केला आणि कंपन्यांना पटेल अशा भाषेत ‘ओपन सोर्स’ची, म्हणजे कोड सर्वांना पाहता, वापरता आणि बदलता येईल अशा सॉफ्टवेअरची, मांडणी सुरू झाली. डिसेंबर २००० मध्ये आयबीएमने पुढच्या वर्षी लिनक्सवर १ अब्ज डॉलर खर्च करण्याची घोषणा केली. पैशामागून पगारी डेव्हलपर आले. आज लिनक्स कर्नलमधले बहुतांश बदल नोकरीचा भाग म्हणून होतात. त्याचा फायदा खरा आहे: लिनक्स मोठमोठ्या सर्व्हरवर भक्कम चालतं ते याच कामामुळे. मात्र ज्याच्यासाठी कोणी पगार देत नाही, ते मागे पडतं. कॉन कोलिवास हे पेशाने भूलतज्ज्ञ. डेस्कटॉपवर लिनक्स झटपट प्रतिसाद देईल, यासाठी ते फावल्या वेळात खपत. कर्नलचं लक्ष सर्व्हरकडेच आहे, सामान्य वापरणाऱ्याकडे नाही, अशी तक्रार करत २००७ मध्ये ते बाहेर पडले. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते, कारण इथे कोणाचा कट नव्हता. पगार ज्या कामाचा, वेळही त्याच कामाला जात होता.

इंटरनेटवरची माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरची गत याहून वाईट. इंटरनेटवरचे असंख्य व्यवहार सुरक्षित ठेवण्याची भिस्त ज्यावर होती, त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणग्या मिळत आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली आणि मगच मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभारला. वापर सगळ्यांचा, देखभाल कोणाचीच नाही, ही अवस्था आजही अनेक छोट्या लायब्ररींची (इतर सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या तयार कोडच्या संचांची) आहे.

पुढचा वाद क्लाउडमुळे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणक सेवांमुळे, पेटला. आपलं सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकून क्लाउड कंपन्या कमावतात, या कारणावरून मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये आणि हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये आपापल्या सॉफ्टवेअरचे परवाने, म्हणजे वापराच्या अटी, आवळले. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने तेच केलं. काही दिवसांतच ॲमेझॉन, गुगल, ओरॅकल यांच्या पाठिंब्याने ‘व्हॅल्की’ हा फोर्क, म्हणजे रेडिसच्याच जुन्या खुल्या कोडवरून वेगळा काढलेला प्रकल्प, उभा राहिला. रेडिस २०२५ मध्ये पुन्हा खुल्या परवान्याकडे वळलं, पण बाहेरून योगदान देणारे अनेक जण तोवर व्हॅल्कीकडे गेले होते.