शालेय विज्ञानातले पायाभूत शब्द

सहावी, सातवी आणि आठवीच्या मराठी माध्यमाच्या विज्ञानात जे शब्द पुन्हापुन्हा येतात आणि दहावीपर्यंत पाठ सोडत नाहीत (वस्तुमान, बल, कार्य, ऊर्जा, अणू, रेणू, आम्ल, पेशी, बाष्पीभवन वगैरे) त्यांना इथे पायाभूत शब्द म्हटलंय. महाराष्ट्रात ही पुस्तकं बालभारती काढते, ही पुण्यातली संस्था २७ जानेवारी १९६७ ला सुरू झाली. या तीन इयत्तांत विषयाचं नाव सामान्य विज्ञान असतं, नववीला गेलं की तेच विज्ञान आणि तंत्रज्ञान होतं. मराठी परिभाषा घडवण्याचं काम त्याआधीपासून चालू होतं, राज्य स्थापन झालं त्याच वर्षी म्हणजे १९६० ला भाषा संचालनालय आलं आणि त्यांनी एकेका शास्त्राचे परिभाषा कोश काढले, १९६६ ला मुंबईत मराठी विज्ञान परिषद सुरू झाली.

सगळ्यांना वाटतं की प्रकाशसंश्लेषण किंवा संप्लवन (घट्ट पदार्थाची द्रव न होता थेट वाफ होणं) असले लांबलचक शब्दच मुलांना जड जातात. तसं नाहीये. हे शब्द मुलांनी आधी कधी ऐकलेलेच नसतात, त्यामुळे पहिल्यांदा जो अर्थ सांगितला तोच बसतो, स्पेलिंगसारखं थोडं घोकावं लागतं इतकंच. खरा घोळ होतो तो घरात रोज वापरल्या जाणाऱ्या शब्दांत, कारण मुलाला वाटतं मला हे येतंय आणि शिक्षकांनाही वाटतं याला येतंय.

ओळखीचे पण वेगळे

वजन घ्या. दुकानात आपण दोन किलो वजनाची साखर म्हणतो, काट्यावर उभं राहून माझं वजन ५० किलो म्हणतो, पण विज्ञानात किलोत मोजतात ते वस्तुमान, म्हणजे त्या वस्तूत द्रव्य किती आहे ते. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने खाली ओढते ते बल, म्हणून ते न्यूटनमध्ये मोजायचं. ५० किलो वस्तुमानाच्या मुलाचं पृथ्वीवरचं वजन ५० गुणिले ९.८ (हे गुरुत्व त्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदाने वाढतो ते) म्हणजे ४९० न्यूटन, चंद्रावर गेला तर साधारण ८१ न्यूटन, कारण तिथलं गुरुत्व पृथ्वीच्या सहाव्या भागाइतकं आहे, पण वस्तुमान तिथेही ५० किलोच. आणि चंद्रापर्यंत जायची पण गरज नाही, विषुववृत्तावर गुरुत्व त्वरण ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३ असतं, म्हणजे तीच वस्तू ध्रुवावर नेली की तिचं वजन किंचित वाढतं. १०० ग्रॅमची वस्तू तळहातावर ठेवली की हाताला जेवढा भार जाणवतो तो जवळपास एक न्यूटन, हे एकदा प्रत्येक मुलाच्या हातावर ठेवून दाखवावं, व्याख्या लिहून घेण्यापेक्षा ते जास्त कामाचं आहे.

कार्य या शब्दाचं तर अजून अवघड. आपल्याकडे घरात कार्य आहे म्हणजे लग्न-मुंज आहे, आणि काम म्हणजे दिवसभर राबणं. विज्ञानात मात्र बल लावलं आणि त्या बलाच्या दिशेने वस्तू सरकली तरच कार्य झालं. एक किलोची पिशवी एक मीटर वर उचलली तर ९.८ ज्यूल कार्य. स्टेशनवर हमाल डोक्यावर सामान घेऊन गाडीची वाट बघत तासभर नुसता उभा राहिला तर त्याने सामानावर केलेलं कार्य शून्य, आणि हे ऐकून मुलं चिडतात, म्हणतात तो दमतो ना मग. बरोबरच आहे त्यांचं, दमतोच तो, त्याचे स्नायू आतल्या आत सारखे ताणले-सैलावले जातात आणि त्यात ऊर्जा खर्च होते, फक्त ते सामान कुठे हललेलं नसतं. हा खुलासा न करता नुसतं शून्य लिहायला लावलं की मुलाला वाटतं विज्ञान खोटं बोलतं.

उष्णता आणि तापमान ही जोडीही अशीच. घरात उष्णता म्हणजे तोंड येणं, पपई उष्ण पडते, गुलकंद खा. विज्ञानातली उष्णता ही ऊर्जा आहे, गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाणारी, ज्यूल किंवा कॅलरीत मोजतात, तर तापमान म्हणजे ती वस्तू किती गरम आहे त्याचं माप, अंश सेल्सिअसमध्ये. पेटलेल्या उदबत्तीच्या टोकाचं तापमान बादलीभर कढत पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतं पण त्या टोकाच्या उष्णतेने वाटीभर पाणीसुद्धा धड तापणार नाही, आणि बादलीत हात घातला तर भाजेल. याहून मोठं उदाहरण उकळत्या पाण्याचं आहे, गॅस चालूच आहे, उष्णता आत जातेच आहे, तरी पाणी १०० अंशाच्या वर जात नाही, कारण ती सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, एका ग्रॅमला ५४० कॅलरी. वाफेचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट का असतो याचं उत्तर या ५४० मध्ये आहे, वाफ कातडीवर येऊन पुन्हा पाणी होते तेव्हा ती सगळी उष्णता आपल्यालाच देते.

आता १०० अंश हा आकडाही समुद्रसपाटीचा आहे. वर जाल तशी हवा विरळ होते, दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं, साधारण ३०० मीटरला एक अंश असा हिशेब धरतात. कळसूबाई १६४६ मीटर उंच, म्हणजे तिथे पाणी ९४-९५ अंशालाच उकळणार, आणि डाळ शिजायला वेळ लागणार. कुकरमध्ये उलट होतं, आत दाब वाढतो, पाणी १२० अंशाच्या आसपास जातं आणि डाळ पटकन शिजते. उत्कलनांक हा एक शब्द नीट कळला तर कळसूबाई आणि कुकर दोन्ही त्यात येतात.

चाल आणि वेग याबद्दल थोडक्यात, चालीला दिशा नसते, वेगाला असते, कारण चाल कापलेल्या अंतरावरून काढतात आणि वेग विस्थापनावरून, म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतच्या सरळ अंतरावरून. मूल घरून शाळेत गेलं आणि परत आलं तर कापलेलं अंतर दोन किलोमीटर असेल पण विस्थापन शून्य. घाटाच्या रस्त्याने हे छान दिसतं, वळणं घेत गाडी कितीतरी किलोमीटर जाते आणि खिडकीतून बघावं तर मघाचंच गाव खाली जवळच दिसत असतं.

श्वसन म्हणजे श्वास घेणं असं बरीच मोठी माणसंही समजतात. नाकातून हवा आत-बाहेर जाणं तो श्वासोच्छ्वास. श्वसनाचं मुख्य काम पेशीत चालतं, तिथे ग्लुकोजपासून ऑक्सिजनच्या मदतीने ऊर्जा मिळते आणि त्यातला मोठा भाग तंतुकणिकेत (पेशीच्या आतला एक बारीक भाग) होतो. झाडाला नाक नसतं तरी झाड श्वसन करतं, दिवसा पण आणि रात्री पण. दिवसा झाडं प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन, असं पाठ केलेली मुलं दर वर्गात सापडतात.

घरात, मिठागरात, शेतात

पदार्थाच्या तीन अवस्थांपैकी पहिलीला आता पुस्तकात स्थायू म्हणतात, जुन्या पुस्तकांतून शिकलेले आईवडील घन म्हणतात. स्थायू बरा, कारण गणिताच्या तासाला घन म्हणजे संख्येचा घन आणि घनाकृती ठोकळा, आणि एकाच दिवशी दोन तासांना एकच शब्द दोन अर्थांनी आला की गोंधळ व्हायचाच.

अवस्था बदलण्याचे शब्द घरात रोज घडताना दिसतात. वाळत घातलेले कपडे आणि माठातलं गार पाणी हे बाष्पीभवन, गार पेल्याला बाहेरून येणारे थेंब हे संघनन (भूगोलाच्या पुस्तकात यालाच सांद्रीभवन म्हणतात, गोष्ट एकच), कापूर आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या हळूहळू नाहीशा होतात ते संप्लवन. बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला फक्त पृष्ठभागावरून चालू असतं आणि उत्कलन ठरावीक तापमानाला सगळ्या पाण्यात बुडबुडे येऊन होतं, एवढा फरक लक्षात ठेवला की पुरे. उरण, वसई किंवा गोव्याकडच्या मिठागरात तर अख्खा धडा उघड्यावर मांडलेला असतो, समुद्राचं पाणी म्हणजे द्रावण, पाणी हे द्रावक, मीठ हे द्राव्य, उन्हाने बाष्पीभवन झालं की मिठाचे स्फटिक खाली राहतात. जवळ राहणाऱ्या शाळांनी सहल तिकडेच न्यावी.

आम्ल आणि आम्लारी (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) ओळखायला लिटमस लागतोच असं नाही. चिंचेत टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक, दह्यात लॅक्टिक. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो हे प्रत्येक घरात बघितलेलं असतं, साबण आम्लारिधर्मी असतो आणि हळद हा दर्शक आहे, म्हणजे रंग बदलून ते ओळखून देणारा पदार्थ. त्याच लाल डागावर लिंबू पिळलं तर तो परत पिवळा होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करायची जुनी पद्धतही हळदीच्या याच गुणावर चालते. चुन्याची निवळी ही आम्लारी, तिच्यात नळीने फुंकलं की ती दुधासारखी पांढरी होते, ते आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे.

इथे शेतकऱ्यांची मुलं पुढे असतात असं मला ठामपणे वाटतं, फक्त त्यांना ते कोणी सांगत नाही. माती परीक्षणाच्या कागदावर सामू लिहिलेला असतो, म्हणजे आम्लता मोजायचं ० ते १४ चं माप, ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि वर आम्लारिधर्मी. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी निघते, देशावरच्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक सातच्या वर असतो. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द शेतात सगळ्यांच्या तोंडी असतात, पण पुस्तकात त्याच जागी नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम आले की तेच मूल गप्प बसतं. खताच्या गोणीवर १०:२६:२६ असतं तेव्हा शंभर किलोत १० किलो नत्र असतो, पुढचे दोन आकडे स्फुरद आणि पालाशचे, ते मात्र ऑक्साइडच्या रूपात मोजलेले. युरियात नत्र ४६ टक्के. शेकडेवारी, मूलद्रव्य, संयुग, मिश्रण हे चारही विषय एका गोणीवरून शिकवता येतात. क्षार या शब्दाला मात्र तिथे जपावं लागतं, बोअरच्या पाण्यात क्षार आहेत किंवा जमीन क्षारपड झाली असं आपण म्हणतो ते विरघळलेल्या लवणांबद्दल, आणि पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेत पाण्यासोबत तयार होतो तो पदार्थ. अर्थ जवळचे आहेत पण परीक्षेत दुसराच लिहायचा.

शब्दांची कुळं

शब्द सुटे पाठ करण्यापेक्षा शेपटावरून ओळखावेत. अवस्था बदलण्याच्या शब्दाला अंक आला की ते ठरावीक तापमान (द्रवणांक, उत्कलनांक, गोठणांक), मापी किंवा मापक आला की मोजायचं साधन (तापमापी, पर्जन्यमापक), दर्शी आला की बघायचं (सूक्ष्मदर्शी, दूरदर्शी, परिदर्शी), भवन आला की आपोआप तसं होणं.

हिंदी व्हिडिओंचा घोळ

आता मुलं मोबाईलवर विज्ञानाचे हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करतात, समजावतात चांगलं पण शब्द फसवतात, लिपी एकच असल्यामुळे तर जास्तच. ठोस म्हणजे स्थायू, द्रव्यमान म्हणजे वस्तुमान, यौगिक म्हणजे संयुग हे कळून तरी येतं कारण शब्दच वेगळे आहेत. धोका आहे तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. हिंदीत परमाणु म्हणजे आपला अणू आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू, त्यामुळे पानी के एक अणु में हाइड्रोजन के दो परमाणु होते हैं हे वाक्य ऐकून मूल पेपरात पाण्याचा अणू लिहून येतं. पाण्याचा रेणू असतो, त्यात हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू, म्हणून एच टू ओ. पेशी हिंदीत स्नायूला म्हणतात आणि आपल्या पेशीला तिथे कोशिका म्हणतात. विकिरण हिंदीत उष्णतेच्या धड्यात येतं, त्याला आपण प्रारण म्हणतो, म्हणजे सूर्याची उष्णता मध्ये कुठलंही माध्यम नसताना पोचते ती पद्धत, वहन आणि अभिसरणाच्या जोडीची. मराठीत विकिरण म्हणजे हवेतल्या बारीक कणांवर आणि रेणूंवर आदळून प्रकाश सगळीकडे विखुरणं, त्यात निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त विखुरला जातो म्हणून दिवसा आकाश निळं दिसतं.