हेलियमने स्वरतंतू वेगाने कंपतात? नाही!

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत वाढदिवस म्हटला की फुग्यातला हेलियम ओढून चिरक्या आवाजात बोलणं आलंच. मग कुणीतरी काका ठामपणे सांगतात, "गॅस हलका, म्हणून स्वरतंतू भराभर कंपतात." वर्षानुवर्षं हेच ऐकतोय. चूक आहे.

स्वरतंतूंची कंपनं जवळपास तेवढीच राहतात. ती ठरतात तंतूंचा ताण आणि वस्तुमान यांवरून. बदलतो तो घशा-तोंडाच्या पोकळीतला घुमारा. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, हेलियममध्ये जवळपास १००० मीटर. त्यामुळे पोकळी वरच्या कंपनसंख्यांना उठाव देते आणि आवाज चिरका वाटतो. तंबोऱ्याची तार तीच, भोपळा तेवढा बदललेला! उलट सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू हवेच्या पाचपट जड. त्यात ध्वनी रेंगाळतो, म्हणून आवाज राक्षसासारखा घोगरा.

"हेलियम विषारी नाही, बिनधास्त ओढा," हेही काकाच सांगतात. विषारी नाहीच, पण त्यात ऑक्सिजनही नाही. काही खोल श्वासांतच माणूस बेशुद्ध पडू शकतो. थेट सिलिंडरला तोंड लावलं तर दाबाने फुफ्फुस फाटू शकतं. शिवाय रस्त्यावरच्या स्वस्त फुग्यात कधीकधी हायड्रोजन असतो, आणि तो पेट घेतो. केकवरच्या मेणबत्त्या शेजारीच असतात.