मैत्रीण कारखान्याला जाते तेव्हा

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या भागातल्या शाळांची हजेरी घसरते. ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली लेकरं. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपून मार्च-एप्रिल उजाडेपर्यंत, गाव अर्धं रिकामं.

उचल (कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे), मुकादम (ते देऊन टोळी नेणारा), शाळागळती यांवर पुष्कळ लिहून झालंय. मागे राहिलेल्या लेकराचं मात्र कुणी फारसं विचारत नाही. हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळे बरीच मुलं आजी-आजोबांजवळ गावातच राहतात. जेवण मिळतं, शाळा बुडत नाही. पण जिच्याबरोबर रोज चिंचोक्यांचा डाव मांडायचा, ती गेलेली असते. उन्हाळ्यात ती परत येते तेव्हा तिच्या तोंडी फडावरच्या नव्या मैत्रिणींची नावं असतात. हे दुसरं दुखणं पहिल्यापेक्षा वाईट.

“करमत नाही,” एवढंच पोरगी म्हणते. “त्यात काय रडायचं, येईल की,” असं म्हणून आजी भाकरी थापायला घेते.

खरं तर रडण्यासारखं असतं. २००३ मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावर चेंडूफेकीचा खेळ खेळायला लावला. थोड्या वेळानं बाकीचे ‘खेळाडू’ त्यांना चेंडू देईनासे झाले. तेव्हा मेंदूचा जो भाग उजळला, तो शारीरिक वेदनेच्या त्रासातही जागा होतो. पुढे २०१४ च्या एका अभ्यासानं यात दुरुस्ती केली: मेंदूचा भाग तोच असला तरी त्यातल्या हालचालीचा नमुना दोन्ही वेळा वेगळा असतो. म्हणजे तुटलेली मैत्री आणि मोडलेला हात एकच नव्हेत. तरीही ‘काही लागलं का?’ असं विचारावं, इतपत ते खरं आहे.

२०२० मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी प्रौढ माणसांना एकदा दहा तास एकटं ठेवलं, एकदा दहा तास उपाशी ठेवलं. उपाशी माणसाला अन्नाचं चित्र दाखवल्यावर मध्यमेंदूत जी ओढ दिसली, तशीच एकट्या ठेवलेल्याला माणसांची चित्रं पाहून दिसली. म्हणजे एकटेपणा हीसुद्धा एक भूकच. कुणाला भूक लागली तर आपण त्याला लाजवत नाही. एकलकोंड्या लेकराला मात्र “मिसळत जा ना जरा” म्हणून चारचौघांत टोकतो.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रयोग जुना आहे, १९८० चा. गोएट्झ आणि ड्वेक यांनी चौथी-पाचवीच्या मुलांना पत्रमैत्रीच्या मंडळात शिरण्यासाठी नमुन्याचं पत्र लिहायला सांगितलं. पत्र पोचल्यावर, घ्यावं की नाही याची खात्री वाटत नाही, असं कळवलं आणि पुन्हा एक संधी दिली. ‘मलाच जमत नाही’ असं मानणारी मुलं या नकारानं जास्त कोलमडली; काहींनी दुसऱ्यांदा प्रयत्न सोडला, काहींनी पहिलंच पत्र पुन्हा गिरवलं. नकार सगळ्यांना सारखाच होता. फरक पडला तो प्रत्येकानं मनाशी लावलेल्या कारणानं. धारूरच्या डोंगरातली पोरगीही कारण लावतच असते: ‘मी गबाळी आहे, म्हणून ती बोलत नाही.’ खरं कारण मुकादमाची उचल आणि शेकडो किलोमीटर अंतर. ते तिला कुणीतरी सांगायला हवं, तेही एकदा नव्हे.

शिवाय मैत्र्या मोडतात हेच सर्वसाधारण. २०१५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात सातवीत जुळलेल्या मैत्र्यांपैकी बारावीपर्यंत जेमतेम एक टक्का टिकल्या. तिथं कुणी ऊस तोडायला गेलं नव्हतं.

आता आत्मविश्वास. तो देण्याचा आपला हुकमी उपाय म्हणजे तोंड भरून कौतुक, आणि तो उलटतो. २०१४ मध्ये ब्रुमेलमन यांच्या गटानं नेदरलँड्समधल्या आठ ते बारा वर्षांच्या मुलांना व्हॅन गॉगचं रानगुलाबाचं चित्र पाहून काढायला लावलं. काहींना ‘छान’ म्हटलं, काहींना ‘कमालीचं छान’. मग पुढचं चित्र सोपं घ्यायचं की अवघड, ते विचारलं. ज्यांना स्वतःबद्दल कमी वाटत होतं, त्यांनी ‘कमालीचं’ ऐकून सोप्याला हात घातला. एवढं मोठं नाव झाल्यावर ते राखायची धास्ती! मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं की ‘मला जमेल’ हा भरवसा सगळ्यात जास्त मिळतो तो स्वतः काही करून जमल्यावर. दोन शिक्षकांच्या शाळेत याची सोय आयतीच असते. चौथीतल्या अबोल पोरीला पहिलीतल्या दोघांना बाराखडी गिरवून घ्यायला बसवावं. त्यांना ‘कि-की’ जमली की तिचंच काम झालेलं असतं, कौतुकाची वाट पाहावी लागत नाही.

नव्या मैत्रीसाठीही गुरुजींच्या हातात एक गोष्ट आहे. हंगेरीतल्या १८२ वर्गांत तिसरी ते आठवीच्या मुलांच्या जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ठरवल्या. शेजारी बसलेल्यांत मैत्री होण्याची शक्यता १५ टक्क्यांवरून २२ वर गेली. २०२१ मध्ये छापलेला हा अभ्यास चमत्काराचा दावा करत नाही. पण नोव्हेंबरात निम्मी सतरंजी मोकळी असताना उरलेली मुलं आपापल्या जुन्या कोपऱ्यातच बसून राहतात, आणि त्यांना उठवून जवळ बसवायला कुठल्या जीआरची गरज नाही.

जेवण तुटलं, झोप उडाली, आठवडेच्या आठवडे पोर शाळेत यायला तयार नसेल, तर मात्र जागा बदलून भागणार नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.