दंतसेतू

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताची जागा शेजारच्या दातांच्या आधाराने भरून काढणारी, तोंडात पक्की चिकटवलेली कृत्रिम दातांची रचना. दवाखान्यात तिला ब्रिज म्हणतात, तर पेशंटच्या तोंडी ‘फिक्स दात’ हा शब्द असतो. कवळी रोज काढून धुता येते. ब्रिज डॉक्टरखेरीज कोणाला काढता येत नाही. साध्या ब्रिजमध्ये रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या दातांवर कॅप, म्हणजे टोपीसारखी कृत्रिम आवरणे, बसतात आणि मधला खोटा दात त्यांना जोडलेला असतो. त्याला स्वतःचे मूळ नसते. त्यामुळे चावण्याचा सगळा भार शेजारच्या दोन दातांवर येतो, आणि ब्रिज करावा की नाही हे गेलेल्या दातापेक्षा उरलेल्या दातांकडे बघूनच ठरवावे लागते.

ब्रिजची नेहमीची जागा म्हणजे खालची पहिली मोठी दाढ. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास ती दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पाडता, गुपचूप उगवते. ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे म्हणून घरचे तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात आणि पुढे ती काढावी लागते. दंतवैद्यांच्या क्रमांकपद्धतीत डावीकडची ही दाढ ३६ आणि उजवीकडची ४६. ती गेल्यावर ‘दुसऱ्या बाजूने चावतो की’ असे म्हणत काही वर्षे निघून जातात. तेवढ्यात मागची दाढ रिकाम्या जागेत कलते, वरची दाढ समोर टेकायला काही नसल्याने खाली उतरते, आणि जागा अरुंद होते. मग आधी कललेली दाढ तारेने सरळ करणे किंवा वरची दाढ घासून कमी करणे भाग पडते. दात काढल्यावर हिरडी आणि हाड भरून यायला साधारण दोन-तीन महिने लागतात. त्यानंतर फार थांबू नये.

आधाराचे दात भार पेलतील का, हे ठरवायला १९२६ साली अँटे या दंतवैद्याने एक ठोकताळा मांडला. आधाराच्या दातांच्या मुळांचे हाडात रुतलेले एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतके तरी हवे. खालच्या पहिल्या दाढेच्या मुळांचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस मिलिमीटर भरते. तिच्या पुढच्या उपदाढेचे (सुळा आणि मोठ्या दाढा यांमधल्या छोट्या दाढेचे) सुमारे २०५ आणि मागच्या दाढेचे सुमारे ४२५, म्हणजे दोन्ही मिळून पुरेसा आधार. पण ती उपदाढही गेली असेल, तर आधाराला तिच्या पुढची सुमारे १८० ची उपदाढ आणि मागची दाढ एवढेच उरतात, आणि हिशेब किंचित तोट्यात जातो. पुढच्या अभ्यासांत या नियमाला फारसा आधार मिळाला नाही. हिरड्या निरोगी असतील तर कमी हाडावरही ब्रिज टिकलेले दिसले. तरी दंतवैद्यकाच्या परीक्षेत तो अजून विचारला जातो, आणि एक्स-रे बघताना मनात बाळगायला वाईटही नाही. मिश्री, तंबाखू किंवा आटोक्याबाहेरच्या मधुमेहाने हिरड्या आधीच उतरल्या असतील, तर मात्र हाच प्रश्न सर्वांत मोठा ठरतो.

कामाची सुरुवात दात घासण्यापासून होते. भूल देऊन एअरोटरने (दात घासायच्या वेगवान यंत्राने) आधाराचे दात चहूबाजूंनी सुमारे एक ते दीड मिलिमीटर आणि वरून दीड ते दोन मिलिमीटर कमी करतात. घासलेल्या भिंती वरच्या दिशेने किंचित निमुळत्या लागतात. खरी कसोटी म्हणजे दोन्ही दात एकमेकांना समांतर आणणे. नाहीतर एकसंध ब्रिज वरून खाली उतरतच नाही. यात दाताचे कठीण आवरण बहुतांश जाते आणि ते पुन्हा येत नाही. ब्रिज म्हणजे रूट कॅनाल आलेच, असा समज सर्रास आहे. तो बरोबर नाही. खोल कीड असेल किंवा कललेला दात फार घासावा लागला तर ते करावे लागते. धडधाकट जिवंत दाताची नस काढण्याचे कारण नाही.

मग हिरडीच्या खाचेत बारीक दोरा भरून ती जरा बाजूला सारतात, म्हणजे घासलेल्या दाताची कड मापात स्पष्ट उमटते. माप सिलिकॉनने घेतात, हल्ली स्कॅनरनेही. दाताचा रंग दिवसाच्या उजेडात, शेड गाइडच्या पट्ट्या शेजारी धरून ठरवतात. लॅबमधून ब्रिज येईपर्यंत अ‍ॅक्रिलिकच्या तात्पुरत्या कॅप घालतात. त्या टाळल्या तर घासलेले दात ठणकतात आणि सरकतात. ब्रिज बसवताना रंगीत कागद चावायला देतात. ज्या ठिकाणी गडद ठिपका उमटतो तिथे ‘उंच लागतंय’ हे पेशंट न विचारताच सांगतो. तो उंचवटा घासूनच मग सिमेंट लावायचे.

मधल्या खोट्या दाताचा तळ कसा असावा, याकडे पेशंटचे सहसा लक्ष नसते. हिरडीवर खोगिरासारखा पसरलेला तळ जुन्या ब्रिजमध्ये दिसतो; त्याखाली अन्न अडकते आणि साफ करता येत नाही, म्हणून तो मागे पडला. आता तळ बाहेरून फुगीर आणि हिरडीला जेमतेम टेकेल असा ठेवतात. खालच्या दाढेत तर हिरडीपासून उंच ठेवला तरी चालतो, कारण ती फट हसताना दिसत नाही. त्याखालून रोज सुपरफ्लॉस (दात साफ करायचा खास दोरा) किंवा बारीक ब्रश फिरवावा लागतो.

दात दातांना बांधण्याची कल्पना जुनी आहे. इटलीतल्या एट्रस्कन या प्राचीन लोकांच्या थडग्यांत सोन्याच्या पट्टीने शेजारच्या दातांना अडकवलेले बदली दात सापडले आहेत. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये झालेल्या बारा पाट्यांच्या कायद्याने प्रेताबरोबर सोने पुरायला बंदी केली, पण ज्याचे दात सोन्याने बांधलेले आहेत त्याला सूट दिली. फ्रान्समध्ये पिएर फोशारने १७२८ च्या ग्रंथात कृत्रिम दातांच्या रीती तपशिलाने दिल्या. १९०७ मध्ये विल्यम टॅगर्टने मेणाच्या साच्यातून सोने ओतण्याची पद्धत पुढे आणली आणि कॅप अचूक बसू लागल्या. धातूवर सिरॅमिक चढवण्याचे तंत्र १९६० च्या दशकात रुळले. आता झिर्कोनिया हे पांढरे, कणखर सिरॅमिक त्याची जागा घेते आहे. शेजारचे दात जवळजवळ न घासता त्यांच्या मागच्या बाजूला पंखासारख्या पट्ट्या चिकटवून बसवायचा मेरीलँड ब्रिज १९८० च्या दशकारंभी त्या नावाच्या अमेरिकन विद्यापीठातून आला. पुढच्या एका दातासाठी तो चांगला, दाढेसाठी कच्चा.

नेहमीच्या ब्रिजपैकी जवळपास ८९ टक्के दहा वर्षांनंतरही तोंडात असतात, असे एकत्रित अभ्यास सांगतात. निकामी होतात ते बहुधा आधाराच्या दाताला कॅपच्या कडेखाली लागलेल्या किडीने. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे एका बाजूचे सिमेंट सुटणे. दुसरी बाजू घट्ट असल्याने ब्रिज हलत नाही आणि सुटलेल्या कॅपखाली दात आतल्या आत सडतो. तोंडाला वास येऊ लागतो एवढेच. तपासताना ब्रिज वरखाली दाबला की कडेशी लाळेचे बुडबुडे दिसतात.

रस्त्याकडेला तारेने आणि अ‍ॅक्रिलिकने ‘फिक्स’ दात बसवून देणाऱ्यांचे काम हा ब्रिज नव्हे. तिथे दात न घासताच सगळे हिरडीवर थापले जाते आणि शेजारचे चांगले दातही हलू लागतात. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत खासगी दवाखान्यापेक्षा कमी पैशांत हे काम होते. फेऱ्या जास्त लागतात. इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात) परवडत असेल, हाड पुरेसे असेल आणि शेजारचे दात अस्पर्श असतील, तर ते घासण्यात अर्थ नाही. त्याच दातांत आधीच मोठ्या फिलिंग असतील आणि त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हाच सरळ पर्याय.