पाचामामा, त्रिलोक आणि चार युगं : तुलनेची पार्श्वभूमी

अँडीज पर्वतातल्या क्वेचुआ-आयमारा लोकांचा विश्वविचार आणि आपल्याकडच्या परंपरा यांची तुलना निघाली की पहिलं उदाहरण ठरलेलं असतं. हानान पाचा, काय पाचा, उकु पाचा : वरचं, इथलं आणि आतलं जग. म्हणजे स्वर्ग, पृथ्वी, पाताळ. पण नेमकं हेच साम्य सगळ्यात कमी भरवशाचं आहे.

१५८२-८३ मध्ये, स्पॅनिश राजवटीत, पेरूतल्या लिमात भरलेल्या कॅथलिक धर्मसभेने स्थानिकांना त्यांच्याच भाषेत ख्रिस्ती शिकवण द्यायचं ठरवलं. १५८४ मध्ये स्पॅनिश, क्वेचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांतली प्रश्नोत्तरी निघाली. दक्षिण अमेरिकेत छापलेलं ते पहिलं पुस्तक. त्यात स्वर्गासाठी हानान पाचा आणि नरकासाठी उकु पाचा हे शब्द योजले गेले. आता, उकु पाचा ही पूर्वजांची, बियाण्यांची, झऱ्यांची जागा. तिथे पापी जळत नाहीत. मग तीन मजल्यांचं विश्व जुनंच होतं आणि पाद्र्यांनी तळघरात फक्त विस्तव नेऊन ठेवला, की मजलेच त्यांनी चढवले? अभ्यासकांत यावर अजून एकमत नाही. दुसरी शक्यता अधिक पटते. स्पॅनिश येण्याआधी तिथे राज्य करणाऱ्या इंकांची राजधानी कुस्को दोनच भागांत विभागलेली होती, हानान आणि हुरिन, वरचा आणि खालचा. तिथला जुना हिशेब जोड्यांचा दिसतो : सूर्य-चंद्र, स्त्री-पुरुष. चीनच्या यिन-यांगशी ताडून पाहायचं तर हे पाहावं.

युगांचंही असंच. १६१५ च्या सुमारास एका स्थानिक लेखकाने स्पेनच्या राजाला उद्देशून लिहिलेल्या सचित्र हस्तलिखितात (ते १९०८ मध्ये कोपनहेगनच्या ग्रंथालयात सापडलं) इंकांच्या आधीची चार युगं येतात. कृत, त्रेता, द्वापर, कली आठवणारच. पण इथली माणसं आधी पानं नेसतात, मग कातडी, मग विणलेलं कापड, आणि शेवटी गढ्या बांधतात. शिवाय त्याच गोष्टीत नोहाचा पूरही आहे. पाचाकुटी, म्हणजे जगाची उलथापालथ, हिला कलियुगाच्या ४,३२,००० वर्षांसारखी ठरलेली मुदत नाही.

अलीकडच्या काळात तुलनेला राजकारणाने बळ दिलं. १९९२ मध्ये कोलंबसच्या आगमनाला ५०० वर्षं झाली, तेव्हा नव्या पाचाकुटीची भाषा जोरात आली. कुस्कोत परदेशी पाहुण्यांसाठी सप्तचक्रांची शिबिरंही आली. इक्वेडोरच्या २००८ च्या संविधानाने पाचामामाला (‘पाचा’ म्हणजे जग, ‘मामा’ म्हणजे आई) हक्क दिले, २०१० मध्ये बोलिव्हियाने तसा कायदा केला. तिला सरसकट ‘भूमाता’ म्हटलं जातं.

प्रत्यक्षात ही आई भुकेली असते, ऑगस्टमध्ये विशेष. तिला कोकाची पानं, मक्याची चिचा दारू, लामाची चरबी द्यावी लागते, कारण तिनेही दिलेलं असतं. या देण्याघेण्यात मोक्ष कुठेच नाही. जवळचं काही शोधायचंच तर भक्ती किंवा ध्यानापेक्षा वैदिक यज्ञाकडे वळावं : आहुती द्यायची आणि पाऊस मागायचा.