बालकल्याण धोरणांची पार्श्वभूमी : आधी नोंद, मग हक्क

१८०२ साली ब्रिटनच्या संसदेने कापडगिरण्यांतल्या शिकाऊ मुलांचे काम दिवसाला १२ तासांवर आणले. पण देखरेखीला एकही पगारी माणूस नव्हता, त्यामुळे कायदा कागदावरच राहिला. १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि चार निरीक्षक नेमले. देशभरातल्या गिरण्यांसाठी फक्त चार! त्यातही समोरचे पोर नऊ वर्षांचे आहे की सात, हे ठरवायचे कसे? इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८३७ मध्ये. तोवर मुलाची अंगकाठी पाहून डॉक्टर वयाचा दाखला देत. ज्या मुलाची नोंदच नाही, त्याच्यापर्यंत कायदा पोहोचत नाही, हे तेव्हाच उघड झाले होते.

पुढचे मोठे पाऊल पडले अमेरिकेत. १९१२ मध्ये तिथे केंद्र सरकारने मुलांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले आणि ज्युलिया लॅथ्रॉप त्याच्या प्रमुख झाल्या. त्यांनी पहिला प्रश्न घेतला तान्ह्या मुलांच्या मृत्यूचा. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन या पोलादाच्या गावात कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि १९११ मध्ये जन्मलेल्या बाळांचा माग काढला. सर्वांत कमी कमावणाऱ्या बापांच्या घरी बालमृत्यूचे प्रमाण सुस्थितीतल्या घरांच्या दुपटीहून अधिक निघाले. आईच्या अडाणीपणावर दोष ढकलणे त्या काळी सोपे होते. या आकड्यांनी बोट दाखवले ते घरात येणाऱ्या पैशाकडे.

या कामातून १९२१ चा माता-शिशु आरोग्याचा कायदा उभा राहिला. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला आणि १९२९ मध्ये त्याचा निधी बंद झाला. माझ्या मते या इतिहासातले हे सर्वांत दुःखद वळण आहे, कारण काय करायला हवे हे तोवर कळलेले होते.

ब्रिटनमध्ये मुलांसाठीचा भत्ता आईच्या हाती मिळावा म्हणून खासदार एलेनॉर रॅथबोन यांनी अनेक वर्षे लढा दिला. तिथे १९४५ च्या कायद्याने पहिले मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग भत्ता ठरला, आणि तो आईच्या हाती देण्याची तरतूद झाली.

आंतरराष्ट्रीय पातळीवर, ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेच्या संस्थापक एग्लंटाइन जेब यांनी लिहिलेला बालहक्कांचा जाहीरनामा राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने) १९२४ मध्ये स्वीकारला. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क करार मंजूर केला. त्याच्या सातव्या कलमात मुलाची जन्मताच नोंद व्हावी, असे म्हटले आहे. १८३३ मध्ये जे नडले, ते अखेर हक्क म्हणून लिहिले गेले.

पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेने मुलांसाठीची करसवलत वाढवली आणि तिचा काही भाग दरमहा थेट कुटुंबांना दिला. सरकारी मदत धरून मोजलेली बालगरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली. वाढीव सवलत वर्षभरातच संपली, आणि २०२२ मध्ये तोच आकडा १२.४ टक्के झाला.